कातळावरची गिऱ्हाईकं

नेरळ
६ ऑक्टोबर

ती. आत्या,
साष्टांग नमस्कार.

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. तुला फोन लावून लावून बोट दुखलं, म्हणून शेवटी कागद घेतला. दिवसभर लोकांच्या घरात इंटरनेट जोडणारा माणूस मी, आणि सख्ख्या आत्याला चिठ्ठी धाडतोय रूपेशच्या दुधाच्या टेंपोतून. सुप्रिया समोर बसून हसते आहे. बायकोच ती, हसू दे.

कामाचं सांगतो. माझा धंदा बसत चालला आहे. नेरळला रोज नवी इमारत उभी राहते, आणि बिल्डर भिंती रंगवायच्या आधीच मोठ्या कंपनीची लाइन आत ओढून घेतो. गेल्या दिवाळीला माझ्याकडे सातशे घरं होती, आज चारशे धड नाहीत. आणखी दोन वर्षांनी माझ्याकडे फक्त शिडी उरेल.

आता नवीन निघालंय ते उपग्रहावरून येणारं इंटरनेट. जेवायला बसायच्या पाटाएवढी एक पाटी छपरावर ठेवायची, ती सरळ आकाशाशी बोलते. टॉवर नको, खांब नको, रस्ता खोदायला नको. जिथे रेंज नाही तिथेच याचा धंदा. कर्जत आणि खालापूर तालुक्यांसाठी कंपनीला एक डीलर हवा आहे. अट अशी की रेंज नसलेल्या भागातली तीस पक्की नावं चार महिन्यांत दाखवायची. दर अजून हलताहेत, पण पाटी बसवायला तीसेक हजार आणि वर महिन्याला तीनेक हजार धरून चाल.

तुझ्या सावरखिंडीत आणि वरच्या ठाकूरवाडीत किती जण घेतील? एकोणीस वर्षं तू त्यांना रेशनचा तांदूळ मोजून देते आहेस, तुझ्याइतकं घर न् घर कोण ओळखतं? खरं काय ते कळव. गोड बोलू नकोस.

तुझा,
प्रवीण

---

सावरखिंड
१४ ऑक्टोबर

चि. प्रवीण यास आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं अक्षर अजून तसंच आहे, कोंबडीचे पाय. दोन ओळी शेजारच्या सुनंदाकडून वाचून घ्याव्या लागल्या. गोड बोलू नकोस म्हणतोस, तर मी गोड कधी बोलले तेवढं सांग.

तुझ्या पाटाबद्दल वाचलं आणि खरं सांगते, मला तुझ्या आधी माझं दुकान आठवलं. गेल्या महिन्यात कचेरीतून कागद आला आहे. आता प्रत्येक कार्डाचा अंगठा दुकानातच मशीनवर लागला पाहिजे. मशीनला रेंज लागते आणि माझ्या दुकानात रेंज नाही. मार्चअखेरपर्यंत सोय झाली नाही तर दुकान बंद आणि कार्डं खालच्या गावच्या दुकानाला जोडणार. खालचं गाव नऊ किलोमीटर, मधे नदी, गाडी म्हणावी तर सकाळी एक.

माझ्याकडे एकशे बारा कार्डं आहेत. त्यातली तेवीस कार्डं एकट्या म्हाताऱ्या माणसांची. पोरं माथेरानच्या हॉटेलांत कामाला, वर्षातून दोनदा येतात. म्हातारा माणूस दहा किलो तांदूळ डोक्यावर घेऊन नऊ किलोमीटर चालणार नाही रे. तो भांडणार नाही, तक्रार करणार नाही, धान्य सोडून देईल आणि कंद उकडून खाईल. मी ओळखते त्यांना. माझ्या दुकानाचं काय व्हायचं ते होऊ दे, माझं पोट त्यावर नाही. पण या लोकांना त्यांचं धान्य इथेच मिळालं पाहिजे. मला तुझा पाट दुकानावर हवा आहे.

गिऱ्हाईकं किती ते मी कशाला सांगू, तू स्वतः येऊन बघ. दहा नोव्हेंबरला ये. दहालाच ये, आधी नको आणि नंतर नको, मला सवड तेव्हाच आहे. घरी थांबू नकोस, सरळ ठाकूरवाडीच्या वर रेंजच्या कातळावर ये. या सगळ्या डोंगरात रेंज तेवढ्या एका कातळावर येते, म्हणून त्याला तेच नाव पडलंय. चढ तासाभराचा आहे. तुझं पोट सुटलंय, तुला दीड लागेल.

तुझी आत्या,
चंद्रा

---

नेरळ
१२ नोव्हेंबर

ती. आत्या,
साष्टांग नमस्कार.

पोटऱ्या अजून दुखताहेत, पण आत्या, काय दाखवलंस! परवापासून माझ्या डोक्यातून तो कातळ जात नाही. शहाऐंशी माणसं! मी दोनदा मोजली. भर उन्हात, झाड नाही की सावली नाही, आणि लोक निवांत बसलेत, भाकऱ्या सोडल्यात, रांग लावलीय. बऱ्याच जणांच्या हातात मोबाईलसुद्धा नव्हता. पाळीपाळीने एकमेकांचा वापरत असतील. म्हणजे मागणी किती दाबून राहिली आहे बघ.

वाघ्या म्हणून एक म्हातारा भेटला. त्याला विचारलं, नेट पाहिजे का? तो माझ्याकडे असा बघत राहिला जसा मी वेडाच. म्हणाला, "पायजे म्हंजे? नेट आलं नाय तर आमी खानार काय?" आत्या, इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण असं गिऱ्हाईक पाहिलं नाही. नेरळचा माणूस नेट गेलं तर शिव्या देतो, उपाशी राहीन असं कोणी म्हणत नाही. मी हे वाक्य जसंच्या तसं अहवालात घातलं आहे. आणि ती आवडी! सत्तरी उलटलेली बाई सकाळी सहाला निघून चढली होती. मी म्हटलं, आजी, दर वेळी येता? तर म्हणाली, "येवाच लागतं रं बाबा, दुसरं कोन येनार?"

एक्केचाळीस नावं लिहून घेतली. सही विचारायच्या आत सगळ्यांनी अंगठे पुढे केले. एकानेही, किती पैसे पडतील, असं विचारलं नाही. माझ्याकडे शाईचं पॅड नव्हतं, तर मीच बॉलपेन फोडून बोटांना फासलं.

सुप्रियाने फोटो बघितले आणि विचारलं, सगळ्यांकडे रिकाम्या पिशव्या कशा? बायकांचं लक्ष कुठे जाईल सांगता येत नाही. मी म्हटलं, डोंगरातला माणूस पिशवी घेतल्याशिवाय घराबाहेर पडतो का?

अहवाल कंपनीला धाडला. तीस हवी होती, एक्केचाळीस दिली. तुझे उपकार फिटणार नाहीत.

तुझा,
प्रवीण

---

सावरखिंड
१९ नोव्हेंबर

चि. प्रवीण यास आशीर्वाद.

पत्र पोचलं. माणसं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलीस ते बरं झालं. पोटऱ्यांना कोमट तेल चोळ.

पाट कधी येतो तेवढं कळव. पहिला पाट दुकानावर लावायचा, हे तू कातळावर माझ्यासमोर कबूल केलंयस. मार्च लांब वाटतो, पण लांब नसतो. बाकी सारं क्षेम. भात झोडून झालं, यंदा उतारा बरा आहे. सुप्रियाला म्हणावं, तिचं लक्ष बरोबर ठिकाणी जातं.

तुझी आत्या

---

नेरळ
१ डिसेंबर

ती. आत्या,
साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र इतकं लहान कसं? तब्येत बरी आहे ना?

इकडे गाडी जोरात आहे. कंपनीच्या सुरभी मॅडम पनवेलला बसतात. त्यांनी अहवाल वाचून स्वतः फोन केला. म्हणाल्या, आदिवासी वाडीतून एवढी मागणी आम्ही धरलीच नव्हती. त्या याच महिन्यात सावरखिंड बघायला येणार आहेत. वाघ्याचं वाक्य त्यांनी वरच्या साहेबांना वाचून दाखवलं म्हणे.

आता महत्त्वाचं. माझ्या उरलेल्या लाइनी मी विकायच्या ठरवल्या आहेत. भिवपुरीचा एक ऑपरेटर घेतो म्हणालाय. पंधरा तारखेला कागद करायचे. दोन दगडांवर पाय ठेवून चालत नाही. लाइनींचा पैसा पाट्यांच्या धंद्यात घालतो, म्हणजे पहिल्या महिन्यापासून माल हाताशी राहील. बाबांना अजून सांगितलेलं नाही, ते नको म्हणतील. सुप्रिया म्हणते, आधी पाच जणांकडून पैसे घेऊन बघ. पण शहाऐंशी माणसं तिने पाहिली नाहीत, मी पाहिली आहेत.

तू मला दहा तारखेला बोलावलं नसतंस तर हे धाडस मी केलं नसतं.

तुझा,
प्रवीण

---

सावरखिंड
४ डिसेंबर

चि. प्रवीण यास आशीर्वाद.

हे पत्र रूपेशला बजावून दिलं आहे की तुझ्याच हातात द्यायचं, ऑफिसात टाकून यायचं नाही. वाच आणि कागद करू नकोस. लाइनी विकू नकोस.

कातळावर होती ती माणसं इंटरनेटसाठी आली नव्हती. रेशनच्या अंगठ्यासाठी आली होती.

दुकानात रेंज नाही हे तुला लिहिलं, पण मग मी अंगठे घेते कुठे, ते तू विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही. दर महिन्याला दहा, अकरा, बारा असे आमचे अंगठ्याचे तीन दिवस असतात. मशीन पिशवीत घालून मी कातळावर चढते आणि सगळी कार्डं माझ्या मागून चढतात. वर अंगठा लावायचा, पावती घ्यायची, खाली उतरून दुकानातून धान्य घ्यायचं. म्हणून त्या पिशव्या. रेंज तिथेही मधेच तुटते. ज्यांचा अंगठा लागत नाही ते दुसऱ्या दिवशी पुन्हा चढतात. तू येताना दिसलास तशी मी मशीन आवडीच्या मांडीखाली सारली आणि म्हटलं, पोरगा जाईस्तोवर कोणी उठायचं नाही. वाघ्या खरंच बोलला. नेट आलं नाही तर तो खाणार काय? तू तांदळाचं विचारतोस असंच त्याला वाटलं. अंगठेही त्यांनी सवयीने पुढे केले. रेशनच्या दुकानात तू कधी पाय ठेवला असतास तर तुला लगेच कळलं असतं. पण तुझं कार्ड सुप्रिया सांभाळते.

एरवी कुठल्याही दिवशी कातळावर गेलास तर दोन शेळ्या दिसतील आणि लग्न ठरलेला दत्ता. त्याचं लग्न झालं की तोही चढायचा नाही.

मला वाटलं, गर्दी बघून तू पाट आणशील. एकदा दुकानावर लागला की मग सांगेन, तू चिडशील, दोन दिवस बोलणार नाहीस. तू तुझं सगळं विकायला काढशील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी तुला फसवलं. लहानपणी तुला या मांडीवर घेऊन जेवू घातलं आणि म्हातारपणी त्याच पोराला फसवलं. माझी मला लाज वाटते.

महिन्याला तीन हजार देणारं घर आमच्याकडे एक नाही. हे मी तुला पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं.

तुझी आत्या

---

नेरळ
२१ डिसेंबर

आत्या,

पत्र वेळेत मिळालं. कागद केले नाहीत.

सुरभी मॅडमना मला समोर बसून सांगावं लागलं की माझा अहवाल खोटा आहे. एक्केचाळीस अंगठे त्यांच्या टेबलावर पडले होते. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, "माणसं मोजलीत, पैसे देणारा मोजलात का?"

तू मला सरळ सांगितलं असतंस, प्रवीण, माझ्या म्हाताऱ्यांचं असं असं आहे, काहीतरी कर, तर मी नाही म्हटलं असतं का? तुला भाच्यापेक्षा गर्दीचा भरवसा जास्त वाटला, याचा राग आहे.

पाट मिळणार नाही. दुकानाचं तू बघ.

प्रवीण

---

सावरखिंड
१३ जानेवारी

चि. प्रवीण यास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. तू लिहिलंस ते बरोबर आहे. नाही म्हटलं नसतंस. मला मागायची सवय नाही, हे कारण झालं, पण ते पुरेसं नाही.

तिळगुळाचे लाडू रूपेशकडे दिले आहेत. रागावलेल्या माणसानेही खायचे असतात.

अंगठ्याचे दिवस काल संपले. दव फार पडलं होतं, कातळ ओला होता. आवडीचा पाय घसरला आणि हात मोडला. वाघ्याने आणि दत्ताने झोळीतून खाली आणली, तिथून जीपने खोपोलीला. प्लास्टर घातलंय. शुद्धीवर होती. झोळीतून उतरताना मला म्हणाली, "डावा मोडला गं बाय, बरं झालं. अंगठ्याचा नाय मोडला."

मी काही मागण्यासाठी हे लिहीत नाही. तू तिचं नाव लिहून घेतलं होतंस, म्हणून कळवलं.

तुझी आत्या

---

नेरळ
२ फेब्रुवारी

ती. आत्या,
साष्टांग नमस्कार.

आवडीचं वाचलं आणि त्या दिवशी कामात लक्ष लागलं नाही. मी तिच्या पुढ्यात बसून तिला विचारत होतो, आजी, आवडेल ना नेट? आणि मशीन तिच्या मांडीखाली. राग गेला असं समजू नकोस. पण थोडं हसूही आलं, ते खोटं कशाला सांगू.

सुरभी मॅडमचा प्रश्न डोक्यात घोळत राहिला. पैसे देणारा कुठे आहे? मग मोटारसायकल काढली आणि कर्जतपासून चौकपर्यंत डोंगराच्या कुशीत मुंबईवाल्यांनी बांधलेले बंगले धुंडाळले. आत्या, मुंबईचा माणूस निवांतपणासाठी इथे बंगला बांधतो, आणि निवांतपणा मिळाला की कासावीस होतो. डोंगराच्या आडोशाने रेंज नाही. एक साहेब तर मीटिंगसाठी रोज गाडी काढून हायवेवर जाऊन उभे राहायचे. मी दर सांगितला तर म्हणाले, उद्या बसवता का? येतात शुक्रवार ते रविवार, पण पैसे महिन्याचे देणार. सत्तावीस बंगले, पाच हॉटेलं आणि दोन शाळा. या वेळी नाव लिहायच्या आधी प्रत्येकाकडून आगाऊ पैसे घेतले, सुप्रियाने सांगितलं होतं तसेच. वाड्यावस्त्यांत हा धंदा आज नाही. दर खाली आले तर पाच वर्षांनी असेल. हे मी आता छातीठोकपणे सांगू शकतो, कारण त्याची किंमत मोजली आहे.

डीलरशिप मिळाली. जुन्या लाइनीही ठेवल्यात. बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, चंद्राने असं केलं? आणि मग बराच वेळ हसले.

आता तुझ्या कामाचं. डीलरला कंपनी एक पाटी फुकट चालवायला देते, गिऱ्हाईकाला दाखवण्यासाठी. ती डीलरच्या ऑफिसात लावायची असते. मी कंपनीला लिहून दिलं आहे की माझं एक ऑफिस सावरखिंडला आहे, रास्त भाव दुकानात. सुरभी मॅडमनी वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि सही केली. म्हणजे आजपासून तू माझ्या ऑफिसात बसतेस. बंगलेवाले बघायला येतील, त्यांना चहा द्यायचा.

मी वीस तारखेला बसवायला येतो. छपरावर आकाश मोकळं लागतं, तुझ्या आंब्याची दुकानावर आलेली फांदी तोडावी लागेल. लाइट जातात म्हणून इन्व्हर्टर मी आणतो.

तुझा,
प्रवीण

---

सावरखिंड
७ फेब्रुवारी

चि. प्रवीण यास अनेक आशीर्वाद.

फांदी तोडली. मोहोर धरला होता, पण माझ्या हाताने कोयता वाघ्याला दिला. तू यायच्या आत मन बदलायला नको.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं, सुनंदाच्या मदतीशिवाय. पुढे लिहायला घेतलं तर डोळे भरून येतात, म्हणून पुरे करते. बंगलेवाल्यांना चहा देईन. बिनसाखरेचा मागितला तर तोही देईन.

तुझी आत्या

---

सावरखिंड
१२ मार्च

चि. प्रवीण यास अनेक आशीर्वाद.

पहिले अंगठ्याचे दिवस दुकानात पार पडले. तू विचारलं होतंस म्हणून सविस्तर लिहिते.

पाच तारखेला कचेरीचे निरीक्षक येऊन गेले. त्यांनी मशीन चालवून पाहिलं, छपरावर चढून पाटालाही हात लावून पाहिला आणि कागदावर लिहून दिलं की दुकान आहे तिथेच राहील. तो कागद मी देवाजवळ ठेवलाय. तुझ्या नावाने नारळ फोडला.

दहा तारखेला माणसं सवयीप्रमाणे भाकऱ्या बांधून आली. कातळावर दिवस जायचा, इथे अंगठा टेकला की पावती बाहेर. दुपारपर्यंत शंभर कार्डं झाली. लोक धान्य घेऊनही जाईनात. वाघ्या म्हणाला, "येवड्यात झालं? मंग आता करू काय?" आवडी गळ्यात हात बांधून आली होती. अंगठा पहिल्या फटक्यात लागला, तर तिने सगळ्यांना पावती फिरवून दाखवली. तुझं एक बंगलेवालं जोडपंही आलं होतं. त्यांनी आपल्या फोनवर वेग मोजला, खूष झाले, आणि बाई रांगेकडे बघून मला म्हणाली, यांना इतकं फास्ट नेट कशाला लागतं? मी तिला चहा दिला.

ही झाली चांगली बाजू. आता मला तुझी मदत लागणार आहे.

संध्याकाळी आठ माणसं उरली. त्यांचा अंगठा लागेना. काल आणि आज पुन्हा बोलावलं, दहाही बोटं लावून पाहिली, पुसून, ओली करून, राख लावून. मशीन दर वेळी म्हणतं, ठसा जुळत नाही. तू शिकवलं होतंस तसे पाटाचे दिवे बघितले, सगळे लागलेले. शेजारच्या माणसाचा अंगठा त्याच मिनिटाला लागतोय. मग मी एकेकाचा हात उजेडात धरून पाहिला. प्रवीण, त्यांच्या बोटांवर रेषाच उरलेल्या नाहीत. गुळगुळीत झालीत, नदीतल्या गोट्यासारखी. कोणाची वीटभट्टीत गेली, कोणाची कारवी कापण्यात. धाऊ म्हणून आहे, तो चाळीस वर्षं दगडाच्या खाणीवर होता.

हेच आठ जण कातळावर दर महिन्याला तीन-तीन वेळा चढायचे. मीच त्यांना सांगत आले, रेंज तुटतेय, उद्या या. ते यायचे. कधी पाच-सहा वेळा टेकवल्यावर एखाद्याचा लागून जायचा आणि आम्ही म्हणायचो, आली रेंज. त्यांना आणि मला खरोखर तसंच वाटत होतं.

तालुक्याला डोळ्यांवरून ओळखणारं मशीन मिळतं असं ऐकलंय. त्याच्या अर्जात काय काय लिहायचं ते शोध आणि मला कळव. या वेळी सरळ मागते आहे. या आठ जणांसाठी मला ते हवंच आहे, लवकर हवं आहे. तोवर त्यांना माझ्या घरच्या भातातून देईन, तेवढं पुरेल.

आज शेवटी धाऊ एकटा राहिला होता. त्याने अंगठा धोतराला घासघासून पुसला, मशीनवर टेकवला, मशीन नाही म्हणालं. मी त्याच्या पिशवीत माझ्याकडचे तांदूळ ओतत होते. तो अंगठ्याकडे बघत होता. मग त्याने छपराकडे बघून मला विचारलं, "रेंज नाय का गं बाय आज?"

मी म्हटलं, "नाय बाबा. आज रेंज नाय."

तुझी आत्या,
चंद्रा